दोराचा वण

"स्वतःबद्दल काही सांगा," असे डॉ. गुर्जर म्हणाले आणि चित्रलेखाला हायसे वाटले. प्रयोगशाळेतल्या या नोकरीवर तिची सारी भिस्त होती, आणि मुलाखत-वर्गात तिने याच प्रश्नाची तयारी केली होती. ती बारा वर्षांची असताना विहिरीत पडलेल्या भावाला तिने एकटीने दोराने वर ओढले होते. ते सांगताना आताही तिने दोर धरल्यासारख्या मुठी आवळल्या.

डॉ. गुर्जरांनी चष्मा काढला. "बाई, आज ही विहीर मी तिसऱ्या उमेदवाराकडून ऐकतोय. तुमच्या वर्गात आठवण मेंदूत बसवतात आणि बसवल्याची आठवण तेवढी पुसून टाकतात. उत्तर मनापासून यावं म्हणून."

"काहीतरीच काय, सर! माझा भाऊ बाहेर बसलाय."

"असेल की. तो विहिरीत पडला होता का, एवढाच प्रश्न आहे."

"आणि दोराने हात सोलवटला, त्याचा वण? हा बघा!" तिने तावातावाने उजवा तळहात टेबलावर उघडला.

तळहात गुळगुळीत होता. तिने घाईने डावाही उघडला; तोही तसाच.

"आता," डॉ. गुर्जर हलक्या आवाजात म्हणाले, "स्वतःबद्दल काही सांगा."

तिने तोंड उघडले, तर ओठांवर पुन्हा विहीरच आली. आणि तो गुळगुळीत तळहात दोर नुकताच सुटल्यासारखा चुरचुरत होता.