जुबेदाची टाळी

असरच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजेच्या चारही रकाती, उठण्या-वाकण्याच्या चारही फेऱ्या झाल्या, आता बसायचं, तर रज्जाक ‘अल्लाहु अकबर’ म्हणत पाचवीला सरळ उभाच राहिला.

मागच्या मुसल्ल्यावर जुबेदा बसलेलीच राहिली. खरं तर उठायला हवं होतं. इमाम पुढं, आपण मागं. तो वाकला की वाकायचं, तो उठला की उठायचं. आणि या घरात इमाम कोण, तर तिचा नवरा! मशिदीत उभा जन्म मागच्या रांगेत काढलेला माणूस. पण हल्ली विसरायला लागला होता. घरचा रस्ता विसरून कळंबच्या नाक्यावर उभा सापडला, तेव्हा मुलानं त्याचं एकट्यानं बाहेर जाणं बंद केलं. त्या दिवसापासून तो घरातच इमाम झाला, आणि त्याच्यामागं नमाज पढणारी सगळी जमात म्हणजे एकटी जुबेदा. दुकान मुलाकडं गेलं, टेंपोची चावी गेली. पुढं उभं राहणं तेवढं म्हाताऱ्याकडं उरलं होतं. तेही आपण काढून घ्यायचं?

कालच त्यानं तीन रकातींतच सलाम फिरवून नमाज संपवली होती. जुबेदानंही मुकाट्यानं मान फिरवली, आणि मग स्वयंपाकघरात ओट्याशेजारी चारही रकाती पुन्हा एकटीनं पढल्या. नेमकी तेव्हाच नात सिद्रा पाणी प्यायला आत आली. पोरगी रसायनीला कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला. तपासल्याशिवाय काही सोडायची नाही.

“दादी, आत्ताच झाली ना तुझी नमाज? परत?”

“तुझे दादा चुकले. तीनच झाल्या.”

“मग सांगायचं ना त्यांना!”

“नवऱ्याची चूक काढू नाय गं.”

“म्हंजे तुझी दुरुस्त, आनि त्यांची तशीच? दादी, तू घाबरतेस कोनाला? दादांना का अल्लाला?”

जुबेदानं तिला दूध बघायला पिटाळलं. दूध काही उतू जात नव्हतं. पण तो प्रश्न रात्रभर तिच्या उशाशी बसून राहिला.

इमाम चुकला तर मागच्या मर्दानं ‘सुब्हानल्लाह’ म्हणावं, बाईनं तोंड न उघडता उजव्या तळव्यानं डाव्या हाताच्या पाठीवर टाळी द्यावी, हे तिला लहानपणी कुराण शिकवणाऱ्या खालानं सांगितलं होतं. सकाळी सिद्राला ते सांगितलं, तर ती फणकारली, “मर्दाला तोंड, नि बाईला टाळी! ह्यो कुठला न्याय?” न्यायाचं जुबेदाला माहीत नव्हतं. आपण ती टाळी कधी दिली नाही, एवढं माहीत होतं.

आणि दिली तरी हा गडी ऐकणार थोडाच! लग्न नवं असताना दोघं टेंपोनं खालापूरला तिच्या माहेरी निघाले, तर चौकच्या फाट्यावर यानं टेंपो उलट्या बाजूला घातला. “अवो, रस्ता चुकला” म्हणाली, तर बाबा पनवेलपर्यंत गेला, पण मागं वळला नाही. वर पनवेलला मिठाई घेऊन म्हणतो कसा, मला इथंच यायचं होतं.

आताही तो तस्साच उभा होता. हात बांधलेले, मान खाली. सदरा उलटा घातलेला, शिवणी सगळ्या बाहेर. दारातल्या खाटेवर सिद्रा बसली होती. पाळी आलेली, म्हणून तिला आज नमाज नव्हती. मोबाइल बाजूला ठेवून ती दादीकडंच बघत होती.

जुबेदानं टाळी दिली.

पाठ हलली नाही. झालं, निघाला पनवेलला!

मग मात्र तिनं दुसरी टाळी अशी दिली, की बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या आणि हात चुरचुरला.

रज्जाक थबकला. मग गुडघा धरत, कण्हत, हळूहळू खाली बसला. सलाम फिरवण्याआधी त्यानं चुकीच्या भरपाईचे, भुलीचे दोन सजदे केले, दोनदा कपाळ जमिनीला टेकवलं. चूक पुढच्याची असली तरी ते सजदे मागच्यालाही करावे लागतात. जुबेदानंही केले.

सलाम झाला. रज्जाक मागं वळेना. उद्यापासून ‘तू तुझी पढ, मी माझी’ म्हणाला तर?

“पयली टाळी एवढी हळू का वाजवलीस?” तो पाठमोराच म्हणाला. “मला वाटलं, डास मारतेस.”

सिद्राला फिस्सकन हसू आलं. जुबेदा हसली नाही. तिनं पदरानं डोळे टिपले.

रज्जाकनं विचारलं, “मी काल पन चुकलो काय गं?”

“काल तीनच झाल्या.”

“आनि तू?”

“मी आत जाऊन परत पढली.”

आता तो वळला. रागावलेला नव्हता. जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा बघत होता.

“मला मागं टाकून?”

जन्मभर आपण याच्या मागं चाललो, असंच जुबेदा समजत होती.

रज्जाक खाटेचा आधार घेऊन उठला. “कालची पढून घेतो,” म्हणाला. सवयीनं जुबेदा त्याच्यामागं उभी राहायला गेली.

“तुझी झाली ना? मग मागं कशाला? हितं ये, बाजूला बस. माझे कान पन काय तसे नाय राहिले.”

त्यानं हात बांधले. जुबेदा त्याच्या शेजारी बसली. डावा हात तिनं मांडीवर पालथा ठेवला, आणि उजवा त्याच्यावर उगारून तयार.