ओळखीचं माणूस

चादरीची दोन टोकं पुढे करत छोटीने विचारलं, "त्या पत्रात तू काय लिहिलंस?"

लंबूने टोकं धरली. चादर ड्रायरमधून नुकतीच काढलेली, चांगलीच गरम होती. "जे विचारलं होतं ते."

हॉस्पिटलच्या लाँड्रीत अकरा वर्षं दोघी अशाच समोरासमोर उभ्या राहून घड्या घालत होत्या. गाव सोडून या परक्या देशात आलेल्या छोटीचं खरं नाव इथे कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती सगळ्यांची छोटी झाली. तिनेही मग इथेच जन्मलेल्या आपल्या ताडमाड जोडीदारणीचं नाव लंबू ठेवून टाकलं. अर्थ कळल्यावर लंबूला ते इतकं आवडलं की तिने ते आपल्या लॉकरवर लिहून घेतलं.

येत्या शुक्रवारी छोटी नागरिकत्वाची शपथ घेणार होती. नवऱ्याने कोट इस्त्री करून टांगूनही ठेवला होता. आज सकाळी कचेरीत बोलावून अधिकाऱ्याने सांगितलं की शपथ रद्द. पासपोर्टवर जन्मतारीख एक जून, आणि तिने स्वतः दिलेल्या साक्षीदाराच्या पत्रात नऊ नोव्हेंबर. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर नागरिकत्व राहिलं बाजूला, राहण्याचा परवानाही जाणार होता.

"त्यांनी विचारलं, अर्जातली माहिती बरोबर आहे का," लंबू म्हणाली. "मी लिहिलं, तारीख सोडून सगळी बरोबर आहे."

"एक जून गुरुजींनी टाकलीय, मी नाही. शाळेत घालताना मी पाच महिन्यांनी लहान पडत होते. आमच्या वर्गात निम्मी पोरं एक जूनचीच होती. तुला सांगितलंय मी हे."

"सांगितलंयस ना. म्हणून तर मला खरी तारीख माहीत होती."

ते खरंच होतं. दर नऊ नोव्हेंबरला लंबू लाँड्रीचं दार आतून लावून घ्यायची आणि दोघी उभ्या उभ्या केक खायच्या. छोटीची स्वतःची पोरंसुद्धा आईचा वाढदिवस जूनमध्येच करत. ही गोष्ट बाहेर बोलू नकोस, असं नवऱ्याने शंभरदा बजावलं होतं. ती एकाच माणसापाशी बोलली होती.

दोघी पावलं टाकत जवळ आल्या, टोकाला टोक जुळवलं, पुन्हा मागे सरकल्या.

"एक कर," छोटी म्हणाली. "दुसरं पत्र दे. माझी ऐकण्यात चूक झाली, म्हणून लिही. दोनच ओळी."

लंबूचे डोळे भरून आले. "मी खोटं कसं लिहू गं?"

"तुझी आई आजारी होती तेव्हा तीन आठवडे तुझं हजेरीचं कार्ड कोण पंच करत होतं? साहेबांनी मला समोर बसवून विचारलं. आत्ता इथेच होती, बाथरूमला गेलीय, असं तोंडावर सांगितलं मी. माझीही नोकरी गेली असती."

"ते मी विसरलेय का? जन्मात विसरणार नाही."

"मग?"

लंबूने दुसरी चादर ओढून काढली. ती झटकायला जरा जास्तच वेळ लावला. "ते वेगळं होतं. ते आपल्या दोघींतलं होतं. हे देशाचं काम आहे, छोटी. आमच्याकडे सरकारी कागदावर कुणी खोटं लिहीत नाही."

छोटीने आपल्या बाजूची टोकं पकडली. केसाने गळा कापणारं माणूस निदान ओळखू तरी यावं. गोडबोलं असावं, पुढे पुढे करणारं असावं. ही तर मनापासून रडत होती, आणि तिच्या रडण्यात तसूभर खोट नव्हती. भांडायचं तरी कुणाशी? तरीही छोटीला वाटलं की आपल्याला फसवलंय, अगदी घरात बोलावून, जेवायला वाढून फसवलंय.

"अधिकारी म्हणाले, अपील करता येईल," ती म्हणाली. "पंधरा दिवसांत."

लंबूचा चेहरा एकदम खुलला. तिने मनगटाने डोळे पुसले. "मग कर ना. त्याला परत साक्षीदार लागेल?"

"लागतो. इथे जन्मलेला. नात्यातला नको, आणि दहा वर्षं तरी ओळखणारा हवा."

"मग माझंच नाव घाल. मी लिहीन, हिच्याइतकी प्रामाणिक बाई मी आयुष्यात पाहिली नाही. त्यात काही खोटं नाही."

पहिल्या अर्जावर लंबूचं नाव लिहिताना छोटीने क्षणभरही विचार केला नव्हता. आता केला. वरच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात भेटली तर मान हलवायची, तेवढंच. पोरांच्या शाळेतल्या बाई दर वर्षी बदलत. वॉर्डातल्या नर्स तिला नावाने हाक मारत नसत, चादरी आल्या, एवढंच म्हणत. आणखी कोण? कोपऱ्यावरचा दुकानदार होता, पण तो तिच्यासारखाच बाहेरून आलेला.

लंबू आशेने तिच्याकडे बघत होती.

"घालते," छोटी म्हणाली.