मित्राचा प्रश्न

“मॅडम, माझ्या एका मित्राचा प्रश्न आहे,” टोपीवाला मुलगा म्हणाला.

मॅडमनी हसू दाबलं आणि पेपरमिंटची बरणी त्याच्यापुढे सरकवली.

परदेशी विद्यार्थ्यांच्या खिडकीवर त्या बावीस वर्षं बसत होत्या. विद्यापीठाच्या सगळ्या कचेरीत आपल्या भाषेत बोलणाऱ्या त्या एकट्याच, त्यामुळे आपल्याकडून आलेलं प्रत्येक पोर आधी त्यांचीच खिडकी गाठायचं. आणि प्रत्येकाला एक मित्र असायचा. मित्राने ठरल्यापेक्षा जास्त तास काम केलेलं असायचं, मित्र पत्ता बदलल्याचं कळवायला विसरलेला असायचा. बावीस वर्षांत एकाही मित्राचं तोंड मॅडमना दिसलं नव्हतं. त्यांची तक्रारही नव्हती. नियम मोडणाऱ्याचं नाव कळलं की ते वर कळवणं त्यांना भाग होतं. नाव नाही तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची.

“बोल. काय म्हणतो मित्र?”

“त्याच्या व्हिसावरची तारीख गेल्या महिन्यात उलटली. हाकलून देतील का त्याला?”

“अरे, व्हिसा म्हणजे आत यायचा पास. आत आला की त्याचं राहणं त्याच्या शिक्षणावर. चार विषय घेतलेले असतील, वर्गात जात असेल, तर त्याचा इथला रेकॉर्ड चालू. बाहेर जाऊन परत यायचं असेल तेव्हा बघू नवा पास.”

मुलाच्या चेहऱ्यावर रंग आला. त्याने बरणीतून दोन गोळ्या घेतल्या.

“एक मित्राला,” तो म्हणाला.

“घे बाबा. त्याला उपाशी ठेवू नकोस.”

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला.

“मित्राने दोन विषय सोडले, मॅडम. कोणाला न विचारता.”

आता मॅडम हसल्या नाहीत. “हे मात्र वाईट. आजारपणात विषय सोडता येतात, पण आधी डॉक्टरची चिठ्ठी, मग आमची परवानगी. परस्पर सोडले की रेकॉर्ड बंद, आणि इथलं राहणंही बेकायदा.”

“तो आजारीच होता.”

“मग चिठ्ठी कुठाय?”

“डॉक्टरकडे गेलाच नाही तो.”

“इथेच घोडं पेंड खातं.”

मुलगा दोन गोळ्या घेऊन गेला. मॅडमनी रजिस्टरमधला त्याचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला. चार विषय. हजेरी पूर्ण. त्यांचा जीव भांड्यात पडला. पोराने अजून काही केलेलं नव्हतं, करायच्या नुसत्या विचारानेच ते घाबरं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा कोणाशी न बोलता शिक्षण टाकून घरी निघून गेला होता. ते मॅडमना अजून खुपत होतं. याला मात्र काही झालं तरी जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. त्याच्या प्राध्यापकांना फोन केला, पोरावर जरा लक्ष ठेवा म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला तो टोकन न घेताच खिडकीशी आला. डोळे तारवटलेले, शर्ट चुरगळलेला, खिशातून औषधाची पट्टी डोकावत होती.

“मॅडम, रेकॉर्ड बंद झालेला माणूस हॉस्पिटलमध्ये गेला तर ते लोक कळवतात का? तिथून उचलून नेतात का?”

“हे औषध कोणाचं?”

“मित्राचं. चार दिवस ताप हटत नाहीये. हॉस्पिटलचं नाव काढलं की हात जोडतो.”

हॉस्पिटलवाले असले कागद बघत नाहीत आणि कोणाला कळवतही नाहीत, हे मॅडमना पाठ होतं. पण ते सांगितलं की पोरगं हॉस्पिटल गाठणार; त्याच्या मनाच्या दुखण्याला खतपाणी कशाला घालायचं? बावीस वर्षांत केलं नव्हतं ते त्यांनी केलं. खिडकीतून हात बाहेर काढला, त्याची टोपी मागे सारली आणि कपाळावर तळवा ठेवला. कपाळ गार होतं.

“बघ, तुझ्या मित्राला ताप नाही. रेकॉर्डही मी स्वतः पाहिलाय, चालू आहे. मनाने घेतलंय त्याने. आता घरी जायचं, पोटभर जेवायचं आणि झोपायचं.”

“मॅडम, माझं नाही हो. खरंच मित्राचं आहे.”

“सगळ्यांचं मित्राचंच असतं. नाव सांग मग.”

मुलगा नाव सांगायला गेला आणि थबकला. “सांगितलं तर तुम्हाला कळवावं लागेल?”

“लागेल.”

“शपथ घातलीय त्याने,” तो पुटपुटला.

“मग सोमवारी मित्रालाच घेऊन ये. समोर बसवून सगळं समजावते त्याला.”

या खेपेला त्याने गोळ्या घेतल्या नाहीत. मॅडम मात्र खूश होत्या. सोमवारी पोरगं एकटंच येणार, मान खाली घालून ‘मॅडम, मीच तो’ म्हणणार, मग आपण त्याला पोटभर रागावणार आणि चहा पाजणार, असं त्यांनी मनात सगळं मांडून ठेवलं. गंमत म्हणून सोमवारी त्यांनी खिडकीपुढे दोन खुर्च्याही मांडल्या.

तो एकटाच आला. टोपी हातात होती.

“आलास? आणि मित्र कुठाय?” मॅडमनी डोळे मिचकावले.

मुलाने खिशातून पासपोर्ट काढून खिडकीत ठेवला. मॅडमनी तो हसत हसत उघडला. आतल्या फोटोत मोठ्या कानांचा, किडकिडीत, कुणी वेगळाच मुलगा होता.

“नाव त्यात आहे,” टोपीवाला म्हणाला. “देह घरी पाठवायला कुठला फॉर्म लागतो, मॅडम? आता तुम्ही कळवलंत तरी चालेल.”