बत्तीस घरांचा चेहरा

“कागद केवढा घेऊ, काकू?” ऋताने विचारलं.

“माझ्या भरतकामाच्या मॅटीच्या तुकड्यासारखा. घरं मोजता आली पाहिजेत.”

वासंतीकाकूंच्या लॅपटॉपवर ऋताने चित्रांचं सॉफ्टवेअर टाकलं होतं आणि आता ती ते पिक्सेल आर्टसाठी लावत होती. बत्तीस बाय बत्तीस घरांचा कागद, वर जाळी, एका घराएवढी पेन्सिल. कडा मऊ करायची सोय तिने बंद केली, नाहीतर दोन रंगांत भलताच तिसरा घुसतो. मोबाइलवरच्या गेम्ससाठी ती रोज हेच करायची.

काकूंना साधी रेघ ओढता येत नव्हती, पण क्रॉस स्टिचचे मोर त्यांनी जन्मभर घरं मोजून भरले होते. पोलिसांच्या चित्रकाराला मात्र त्यांना काही सांगता आलं नाही. घरात शिरलेल्या चोराने जिन्यावरून ढकललेले त्यांचे यजमान दिलीपकाका शुद्धीवर न येताच गेले. चोराचा चेहरा पाहिलेल्या आता काकूच तेवढ्या उरल्या होत्या.

“नीट दिसला होता ना?”

“वेणी घालत होते, दाराकडे पाठ. आरशात दिसला. तोंडावरचा रुमाल सुटला होता. तेवढं बस आहे, बेटा.”

ऋताची ओळख हळदीकुंकवापुरतीच. काकूंच्या सोन्याच्या पाटल्यांचं कौतुक तिने घरी केलं होतं, आणि नेमक्या त्याच चोरीला गेल्या. म्हणून काकूंनी चित्रासाठी बोलावल्यावर तिला नाही म्हणवेना. धाकटा भाऊ सौरभ तिला सोडायला आला होता. टावर चौकापासून त्याचं एकच पालुपद. “पुलिसचं काम पुलिसला करू दे ना, ताई. तू कशाला फालतूमध्ये पडते?” वर यायला काही तो तयार झाला नाही.

काकू घरं भरू लागल्या. हनुवटी, मिशी, उजवीकडे भांग. मग भुवईतलं एक घर त्यांनी पुसलं. “इथे कापलेली होती.”

ऋता वाकून लॅपटॉपजवळ गेली. सौरभचीही भुवई तशीच, लहानपणी संक्रांतीला गिल्ली-दांडा खेळताना तिच्याच गिल्लीने फुटलेली. पण त्याची डावी. चित्रातल्या माणसाची उजवी होती. तिने श्वास सोडला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली.

“हाच,” काकू म्हणाल्या. “उद्या पुलिसला नेऊन देते.” त्या चहा टाकायला उठल्या. “भावालाही वर बोलाव गं. बिचारा केव्हाचा खाली उभा आहे.”

“बोलावते.”

चित्र पुरं झालं की ते एकदा डावं-उजवं उलटून बघायचं, ही ऋताची कामातली सवय. एरवी न दिसणारी चूक तशी चटकन दिसते. खिडकीकडे जाता जाता तिने कळ दाबली.

भांग डावीकडे गेला. कापलेली भुवईही.

लॅपटॉपच्या पडद्यावरून सौरभ तिच्याकडे बघत होता.