गवताचा भाव

नोटाबंदीच्या वर्षी गंजाडच्या हिरूला ‘मंदी’ हा शब्द नाक्यावरच्या शेठनेच शिकवला. हिरू आणि त्याचा भाऊ सुदाम डोंगरावरचं गवत कापून शेठच्या किराणा-कापडाच्या दुकानी विकायला आणायचे. भारा काट्यावर चढायच्या आधीच शेठ मान हलवायचा, "मंदी आहे रे, माल नुसता पडून राहतो." मग शेठ देईल तो भाव घेऊन दोघे परतायचे.

आज हिरू एकटाच आला, रिकाम्या हाताने. सकाळी गवत कापताना सुदामला नाग चावला आणि दवाखाना गाठेपर्यंत तो गेला होता. शेठने कफनासाठी कोरं पांढरं कापड फाडलं आणि भाव सांगितला.

"मंदी आहे ना, शेठ? जरा कमी कर."


"मंदी गवताला, हिरू. हे कापड कधी पडून राहत नाही."