नुसतं चालून

दुसरं इंजेक्शन टोचलं तरी पाय पेटलेलाच. एवढ्यानं बैलसुद्धा गार झाला असता. काटेवाला मात्र टक्क जागा, दात खात पडलेला. ट्रक मोजायच्या वजनकाट्यावर कामाला होता, तिथूनच घसरला आणि मांडीचं हाड मोडून बसला.

"काही गोळ्या चालू आहेत का?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"कसल्या गोळ्या?" उशाशी उभी बायको बोलली. "नुसतं चालून बावीस किलो उतरवलेत ह्यांनी. रोज पहाटे जातात."

काटेवाल्यानं डोळे मिटले. चालणं कसलं आलंय? सहा महिने पहाटे उठून तो काट्याच्या केबिनमध्ये जायचा, खणातली गोळी घ्यायचा आणि पाय पसरून बसायचा. ड्रायव्हर चिडवायचे, "आधी तू उतर काट्यावरून, मग ट्रक मोजू." औषधाची लाज वाटली म्हणून घरी चालायचं सांगितलं. बायकोनं गल्लीभर कौतुक केलं. मग खरं बोलायची सोयच उरली नाही. ती शिवणकाम करायची. दर महिन्याला त्याच्या पँटची कंबर आत घ्यायची. हल्ली मात्र त्याचे बूट उचलून तळ बघायची आणि गप्प ठेवून द्यायची.

गोळी देणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. एका गोळीत दोन औषधं आहेत. त्यातलं एक दुखण्याचं कडक इंजेक्शन लागू पडू देत नाही. इंजेक्शनचा डोस वाढवत नेला तर श्वास बंद पडेल. कुठंही भरती झालास तर आधी हे सांग.

"अजून वाढवू या," डॉक्टर म्हणाले.

नर्सनं सुई भरली. इकडे जीव, तिकडे बायको. सुई दंडाला टेकली.

"थांबा. गोळ्या घेतो मी. वजनाच्या. चाललो नाही एक दिवसही. पहाटे काट्याच्या केबिनमध्ये बसून राहायचो."

डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं आणि सुई बाजूला ठेवायला लावली. "आधी बोलायचं ना, बाबा. आता दुसऱ्या औषधानं पाय बधिर करू."

बायकोकडं बघायची त्याची छाती होईना. ती स्टूल ओढून बसली होती.

"पहाटे केबिनमध्ये बसायचात?"

"हो."

"एकटेच?"

"एकटाच गं. आणखी कोण असणार तिथं?"

तिनं डोळे पुसले. किती तरी वेळ पुसत राहिली.

"दर महिन्याला कंबर आत घेत होते तुमची. प्रत्येक टाक्याला वाटायचं, कुणासाठी नटवतेय मी ह्यांना?"