एक दाणा ज्वारीचा

रामकिसनने मडके घोंगडीवर उपडे केले आणि दाणे वेगळे करायला बसला. पोलीस अ‍ॅक्शनला दीड महिना झाला होता. सरहद्दीवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पातल्या माणसांनी रझाकारांशी लढून सोडवलेल्या बारा गावांत निजामाचा अंमल संपला होता, नवा तहसीलदार मात्र अजून यायचा होता. तोवर कारभार कोणी पाहायचा, हे ठरवायला अनंतरावांसह सगळी बेचाळीस माणसे शहागंजच्या बाजारातल्या एका धान्याच्या आडतीत जमली होती.

मतदानाची पद्धत कॅम्पाचे प्रमुख म्हणून अनंतरावांनीच आखली होती. प्रत्येकाला एक हरभरा, एक ज्वारीचा दाणा. सगळी सत्ता अनंतरावांच्या एकट्याच्या हाती द्यायची असेल त्याने मडक्यात हरभरा टाकायचा. पाच पंच निवडायचे असतील त्याने ज्वारी. उरलेला दाणा तिथेच चावून खायचा. मडके पडद्याआड आणि एका वेळी एकच माणूस. कोणी काय टाकले, हे ब्रह्मदेवालाही कळू नये अशी चोख व्यवस्था. पंचांच्या बाजूने सखाहरी आदल्या दिवशी तासभर बोलला होता, तेव्हा पुष्कळांनी माना डोलावल्या होत्या.

मोजणी संपली. हरभरे एक्केचाळीस. ज्वारी एक.

अनंतराव त्या एका दाण्याकडे पाहत राहिले. तो त्यांनी स्वतः टाकला होता.

“घरातच साप निघाला म्हणायचा,” रामकिसन उठत म्हणाला. पुढे कोणाला काही सांगावे लागले नाही. दोघांनी सखाहरीचे दंड धरले, तिसऱ्याने दाराला कडी घातली.

“आईची आण, अनंतराव,” सखाहरीला घाम फुटला होता, “मी बी हरभराच टाकला. काल बोललो खरं, पर आज हात भ्याला.”

अनंतरावांनी हात वर करून सर्वांना गप्प केले. तो दाणा आपला आहे, हे त्यांनी सरळ सांगितले. एका माणसाचे राज्य नको म्हणूनच बंदूक धरली, हेही सांगितले. आडतीत हशा पिकला. एक म्हातारा तर गहिवरून डोळे पुसू लागला.

“मन लई मोठं तुमचं,” रामकिसन म्हणाला. “फितुराला बी पाठीशी घालताय. पर हे काम आमच्यावर सोडा.” आणि त्याने सखाहरीच्या मुस्काटात ठेवून दिली.

अनंतरावांनी समजावून पाहिले. मग विनवले. सखाहरीच्या नाकातून रक्त आले तरी कोणी ऐकेना. शेवटी ते ओरडले, “सोडा त्याला. हा माझा हुकूम आहे.”

हात तत्क्षणी सुटले. एक्केचाळीस माणसे, नाक पुसत सखाहरीसुद्धा, ताठ उभी राहिली आणि पुढच्या हुकमाची वाट पाहू लागली.